दुसऱ्याच्या खाचरात

मेंढरांशिवाय मायाप्पा कोकरे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, डोक्याला तांबडं पागोटं, सगळं नेहमीचंच होतं. पण मागे ना मेंढरं, ना घोडी, ना कुत्री. अंगणाच्या पायरीशी तो उभा राहिला तेव्हा मला आधी ओळखच पटेना. मी भात वारवत होते. सूप खाली ठेवून विचारलं, मेंढरं कुठं ठेवलीस?

"वरच हायेत, घाटाच्या पायथ्याला," तो म्हणाला. "औंदा हिकडं वळत न्हाई, आक्का. तुला सांगून जावं म्हनलं. उगा वाट बघत बसशील."

मी त्याला बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि आत जाऊन उगाचच चुलीतली लाकडं सारखी केली. वर्षभर ज्याची वाट पाहायची तेच यायचं नाही म्हटल्यावर हातांचं काय करावं ते कळत नाही.

आमची सावरकोंड म्हणजे महाडच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात बसलेली कुणब्यांची वाडी. भातशेती, दुसरं काही नाही. फलटणकडचे धनगर दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी परत जातात, कारण आमच्या पावसात त्या मेंढरांचे खूर कुजतात. मधले महिने ते कोकणभर फिरतात. भात कापून झालेल्या खाचरात रात्री मेंढरं बसवायची, सकाळी उठवायची. रात्रभरात लेंड्यांचा थर पडतो, मूत मुरतं. त्या खाचराला मग दोन वर्षं दुसरं काही घालावं लागत नाही. बदल्यात शेतकऱ्याने धनगरांना भात द्यायचं आणि त्या रात्री त्यांच्या सगळ्या तांड्याला जेवायला घालायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा मेंढरं आधी कुणाच्या खाचरात बसणार यावरून देवळात भांडणं व्हायची. माझ्या सासऱ्यांनी एका वर्षी त्यापायी सख्ख्या भावाशी अबोला धरला होता.

मग युरियाची पोती आली. पोतं डोक्यावरून आणता येतं आणि त्याला जेवायला घालावं लागत नाही. पहिली काही वर्षं भात असं तरारलं की लोक मेंढरांना विसरले. पुढे तेच भात पोत्यावर पोतं मागायला लागलं, जमीन आवळत गेली, आणि एवढं घालून हाती काय लागतं म्हणून एकेक घर मुंबईला गेलं. माझे यजमानही तिकडेच होते, छापखान्यात. ते वारले, मुलगी मनीषा लग्न होऊन डोंबिवलीला गेली, आणि मी सावरकोंडात राहिले. वाडीत मी आणि खालच्या टोकाला शेती सोडलेली दोन म्हातारी जोडपी. बाकी सगळ्या घरांना कुलपं, आणि त्या कुलपांच्या किल्ल्या माझ्याकडे.

माझ्या ओटीच्या भिंतीवर खिळ्यांची रांगच होती. एकेका खिळ्यावर एकेका घराची किल्ली. महिन्यातून एकदा मी घरं उघडून केर काढत असे, कौलं बघत असे. दार उघडलं की म्हणत असे, काय गो सरूबाय, बरी हायस ना? सरूबाई भांडुपला. मी बोलायची ती तिच्या भिंतीशी. कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, शेवंती शिगवणीच्या डोक्यावर परिणाम झाला. पण ऐकायला कुणी नव्हतं, हीच तर खरी रड होती.

मेंढरं मात्र मी सोडली नव्हती. युरियाचं पोतं माझ्या बांधावर कधी चढलं नाही. लोक म्हणत, ही बाई जुन्या वळणाची. मला एवढंच ठाऊक होतं, की माझ्या खाचरातल्या मातीचं ढेकूळ हातात घेतलं तर त्याचा भुगा होतो आणि शेजारचं फेकून मारलं तर डोकं फुटेल. वर्षातून एकदा मायाप्पाचा तांडा यायचा, माझ्या खाचरात मुक्काम करायचा, चुली पेटायच्या, कुत्री भुंकायची, त्याची बायको ठकूबाई माझ्या ओटीवर बसून वर्षभराच्या गोष्टी सांगायची. मग ते जायचे. त्यानंतरचे चार दिवस मला फार वाईट जात, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी बाहेर येऊन मायाप्पाला विचारलं, माझं काही चुकलं का. तो कानकोंडा झाला. म्हणाला, तसं काही नाही, पण एका खाचरासाठी एवढी मेंढरं खाली उतरवायची आणि परत चढवायची हे परवडत नाही. पूर्वी सावरकोंडात दहा-बारा रात्री मुक्काम पडायचा. आता मी एकटी.

"मग सगळ्या रात्री माझ्याकडंच बसव," मी म्हटलं.

तो हसला. उत्तर मलाही ठाऊक होतं. एकाच जागी रोज मेंढरं बसवली तर भात नुसतं माजतं, पाल्यावर जातं आणि पावसाची सर आली की आडवं होतं. एकट्या शेताला एवढं पचत नाही.

"आणि दहा खाचरं दिली तर? दहा घरांची?"

"हायेत का दहा घरं?"

मी भिंतीवरच्या किल्ल्यांकडे हात केला. तो उठला, किल्ल्या बघून परत बसला आणि म्हणाला, बोलाव, येतो.

दुसऱ्या दिवशी मी देवळामागच्या टेकाडावर गेले, कारण फोनला रेंज तिथेच येई. पहिला फोन जनार्दन भावोजींना. हे माझे चुलत दीर, यजमानांपेक्षा धाकटे, आणि सावरकोंड ग्रामस्थ मंडळ, मुंबई यांचे सेक्रेटरी. मंडळाचं काम म्हणजे वर्षातून एक पूजा, एक सहल आणि देवळाला रंग कुठला द्यावा यावरून वर्षभर वाद. मी म्हटलं, भावोजी, तुमच्या खाचरात एक रात्र मेंढरं बसवते. ते बसमध्ये होते. म्हणाले, बसव की, पडीकच आहे, आमचं काय जातंय. पुढच्यांनीही तेच म्हटलं. सरूबाईने फक्त विचारलं, की मेंढरं बसवायची तर आम्हाला काय मिळणार. मी म्हटलं, लेंड्या मिळतील. ती खूप हसली. तिच्या हसण्याने मला तिच्या घराचा वास आठवला.

तांड्याला द्यायचं भात आणि रोजचं जेवण माझ्याच कणगीतून जाणार होतं. दुसऱ्यांच्या पडीक जमिनीला खत घालायला मी माझं वर्षाचं धान्य मोजणार होते. मनीषाला कळलं असतं तर तिने गाडी करून मला न्यायला माणूस पाठवला असता, म्हणून तिला काही बोलले नाही.

मेंढरं आली. आधी नेहमी ऐकू येई ती घोड्यांच्या गळ्यातली घंटा, मग धूळ, मग सगळी वाट पांढरी-काळी होऊन हलायला लागली. पहिली रात्र माझ्या खाचरात होती. मी तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या, वालाचं बिरडं केलं, सगळ्यांना पोटभर वाढलं. ठकूबाई कोकरांना डालग्याखाली झाकून ओटीवर आली आणि तिच्या सुनेच्या तक्रारी सुरू झाल्या. मला ती सून पाठच झाली होती, पण मी नव्याने ऐकल्यासारखं ऐकलं. त्या रात्री मला झोप छान लागली.

सकाळी मेंढरं उठवून मायाप्पा दुसरी जागा बघायला गेला. मी चहा घेऊन मागोमाग गेले. तो जनार्दन भावोजींच्या खाचरात उभा होता, गुडघाभर वाळलेल्या टाकळ्याच्या तणात. घाणेरीची झुडपं बांधावरून आत शिरली होती. तो वाकून जमिनीवर काहीतरी शोधत होता.

"धसकटं कुठं हायेत?" त्याने विचारलं. भात कापल्यावर मागे उरतात ती खुंटं.

मी म्हटलं, मालक मुंबईला आहे, पण त्याने परवानगी दिलीय.

"मालकाचं न्हाई इचारत. भाताचं इचारतोय. मागल्या साली हितं कुनी लावलं? म्होरल्या साली कोन लावनार?"

तो पुढच्या खाचरात गेला, तिथून पुढच्या. सगळीकडे टाकळा. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. चहा त्याने घेतला नाही.

"आक्का, आमी पडकात मेंढरं बसवत न्हाई. माज्या बानं कवा बसवली न्हाईत. लेंडी पडली तर तितं कुनाचं तरी ताट वाढलं पायजे. न्हाईतर ती मेंढरं रातभर उगाच जागली."

मी म्हटलं, तुला भात मिळतंय, जेवण मिळतंय, तुला काय करायचंय. असं बोलायला नको होतं. मायाप्पाला ते लागलं. पण त्याने आवाज चढवला नाही. ते भात कुणाच्या कणगीतलं आहे ते मला दिसतंय, एवढंच म्हणाला, आणि वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, गुंडाळायला गेला.

दुपारपर्यंत घोडी लादून झाली. ठकूबाई निरोप घ्यायला आली. मी तोंड फिरवून भांडी घासत होते. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तुला खत नगंय, बाय. तुला सोबत पायजे. ती मेंढरांकडनं कशी मिळंल?"

मी तिला म्हटलं, उगाच काहीतरी बरळू नकोस, मला माझ्या भाताची काळजी आहे. मग मायाप्पाला हाक मारली. म्हटलं, पुढच्या वर्षी ये. इथं धसकटं असतील. तो म्हणाला, एकटी किती लावशील? मी म्हटलं, ते तुला काय करायचंय, तू येऊन बघ. तो हसला. मला वाटलं, त्याने ते मनावर घेतलं नाही.

मी मात्र घेतलं. उन्हाळ्यात कोयता घेऊन भावोजींच्या दोन्ही खाचरांतली घाणेरी तोडली. ती माझ्या खाचराला लागूनच होती. कमी पडायला नको म्हणून राबात रोपांसाठी कितीतरी जास्त भात पेरलं. नांगरायला खालच्या वाडीतला पॉवर टिलर आणला, चिखलणी करून घेतली, आणि आषाढात माझी लावणी उरकली तशी बांध ओलांडून त्यांच्या खाचरात उतरले. मेंढरांना आमचं काय जातंय म्हणणारा माणूस भाताला नाही म्हणेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. लावणीला सोबत लागते, ओळीने माणसं वाकतात, कुणीतरी गाणं धरतं. मी एकटीच वाकत होते. मध्येच उभी राहून मागे पाहिलं की हिरव्या रेघा दिसत. तेवढ्याने उभारी यायची.

खालच्या वाडीतल्या कुणीतरी येता-जाता फोटो काढला आणि मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. खाली लिहिलं, जनार्दनभाऊंच्या शेतात यंदा भात, अभिनंदन.

त्या अभिनंदनाने मुंबईत आग लागली. मनीषाचा फोन आला तेव्हा मी नेमकी टेकाडावर होते. ती रडवेली झाली होती. आई, तू हे काय केलंस? जनार्दनकाका म्हणतात, तू त्यांच्या जमिनीला कूळ लागतेयस.

कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. आणि कसता कसता एक दिवस जमीन त्याच्या नावावर होते, ही भीती आमच्या भागातल्या माणसाला बाळकडूतून मिळालेली असते. पोटच्या पोराचा वाढदिवस विसरेल, पण आपल्या बांधावर दुसऱ्याचं पाऊल पडलं की त्याला पनवेलपलीकडून कळतं. मला हसू आलं. मी मनीषाला म्हटलं, येऊ देत, मी समजावून सांगते.

आणि ते आले. दोन जीप भरून आले. भावोजी, त्यांची बायको, दोन मुलगे. सरूबाई आणि तिची माणसं. आणखी तीन घरं. ज्यांच्या खाचराला मी बोटही लावलं नव्हतं तेही आले, कारण आज जनार्दनचं लावलंय, उद्या आमचं लावेल. किल्ल्या मागायला एक मुलगा आला. मला वाटलं, भावोजी स्वतः येतील. मी चहाचं आधण ठेवलं होतं ते उतरवून ठेवलं.

संध्याकाळी देवळात बोलावणं आलं. सगळे भिंतीला टेकून बसले होते. भावोजी उभे होते. त्यांनी देवापुढे नारळ ठेवला होता. आधी त्यांनी बरंच ऐकवलं. आम्ही विश्वासाने किल्ल्या दिल्या, घरं सोपवली, आणि वहिनींनी केसाने गळा कापला. मेंढरांचं निमित्त करून हिने आधी सगळ्यांची परवानगी काढली, तेव्हापासूनच हिचा बेत होता. सरूबाई मान डोलवत होती. मग ते म्हणाले,

"वयनी, या नारळावर हात ठेव. देवासमोर सांग, की तुला आमच्या जमिनीतलं काय पण नको. विषय संपला. आम्ही उद्या सकाळी जीप काढून जातो. तुझ्याबद्दल आमच्या मनात काय राहणार नाय."

एवढंच म्हणायचं होतं, आणि ते खरंही होतं. मी हात पुढे केला. देवळाच्या दारातून वाडी दिसत होती. सरूबाईच्या घराच्या कौलांमधून धूर निघत होता. कुणाची तरी सून अंगणातून कुणाला तरी मोठ्याने हाक मारत होती, आणि पलीकडच्या घरातून त्या हाकेला ओ आली. किती वर्षांनी सावरकोंडात हाकेला ओ आली होती. मी हात मागे घेतला.

"भावोजी," मी म्हटलं, "पडीक ठेवाल तर मी लावणार."

देवळात एकदम सगळे बोलायला लागले. भावोजींनी विचारलं, लावलंयस त्या भाताचं काय? मी म्हटलं, ते तुम्हीच कापा, कापायला मात्र यावं लागेल. आणि बाकीच्यांची पडीक आहेत तीही मी ओळीने घेणार. सरूबाई माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी तिच्या ताटातला घास काढून घेतला. ती माझ्या लग्नात माझ्या हातावर मेंदी काढायला बसली होती.

दुसऱ्या दिवशी जीप हलल्या नाहीत. टिलर आला. मुंबईत पंख्याखाली बसणारी माणसं पँटी वर करून चिखलात उतरली. अर्ध्यांना कमरेने दगा दिला. सरूबाईचा जावई एकाच जागी एवढी रोपं खोचत होता की ती भाजीची जुडी वाटावी. भावोजी बांधावर उभे राहून सगळ्यांना शिकवत होते आणि स्वतः घसरून पडत होते. मी घरातून बघत होते. पण त्यांच्याकडे रोपं थोडीच होती, राब पेरलाच नव्हता. खालच्या वाडीतून मागून आणलेली दुपारपर्यंत संपली. माझ्या राबात उरलेली होती. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी रोपं उपटून त्यांच्या मुठी बांधल्या आणि प्रत्येकाच्या बांधावर ठेवून आले. त्यांनी त्या लावल्या. कुणी ठेवल्या असं एकदाही विचारलं नाही. भावोजी म्हणाले म्हणे, घाबरली.

जाताना प्रत्येक घराने आपापली किल्ली सोबत नेली. मी भिंतीकडे बघायचं टाळत होते, पण ओटीवर बसलं की नजर जायचीच. रिकामे खिळे उपटून काढावेत असं वाटलं, तेही झालं नाही.

कापणीला ते परत आले. आता तर जास्तच आले, कारण मंडळात ठराव झाला होता की कुणीही आपली जमीन पडीक ठेवू नये. भावोजींनी त्यावर भाषण केलं असं मनीषाने सांगितलं. ती मात्र महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही. तिलाही मी खरं सांगितलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही.

दिवाळीनंतर मायाप्पा आला. पुन्हा एकटा, आधी बघायला. माझ्याशी न बोलता तो तसाच खाचरांकडे गेला. मी ओटीवरून बघत होते. तो एका खाचरात वाकला, उभा राहिला. पुढच्या खाचरात गेला, वाकला. मग वाकायचं सोडून नुसताच चालत सुटला. सगळीकडे धसकटं होती. वेडीवाकडी, कुठे दाट, कुठे विरळ, पण होती. तो परत आला आणि पागोटं काढून पायरीवर बसला.

"एवढं तू लावलंस?"

"नाय. ज्याचं त्याने."

मेंढरं आली ही बातमी मुंबईला गेली तशी भावोजी सुट्टी काढून आले. आपल्या खाचरात मेंढरं बसलेली चार लोकांनी बघितली की ताबा पक्का, असं कुणीतरी त्यांच्या कानात भरलं होतं. मग सगळ्यांनाच आधी मेंढरं हवी झाली. देवळात त्यावरून जुंपली. माझ्या सासऱ्यांच्या वेळी जुंपायची तशीच. मी तिथे नव्हते. मला आता कशालाच बोलावत नसत. मेंढरं कोणत्या रात्री कुणाकडे हे ठरलं, त्यात माझं नाव नव्हतं. मायाप्पाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, पहिली रात्र आक्काची, मग तुमचं चालू द्या. धनगराशी कोण वाद घालणार?

त्या संध्याकाळी ठकूबाई ओटीवर आली. भिंतीवरचे रिकामे खिळे तिने पाहिले. मघाशी ती पाण्याला गेली होती तेव्हा सरूबाईने तिला सांगितलं होतं, की त्या बाईच्या घरी जेवू नका, जमीन गिळायला बसलीय. तिने मला सरळ विचारलं, खरं काय ते. मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. नारळाचं सांगितलं, हात पुढे केला ते आणि मागे घेतला तेही. सांगताना रडायला आलं. ती ऐकत राहिली.

"मग सांग की त्येनला," ती म्हणाली. "जा अन् सांग, मला तुमचं काय बी नगं. दोन शब्द हायेत. परत गोड हुतील सगळी."

"सांगितलं तर जातील गो," मी म्हटलं. "कुलपं लावतील आणि जातील. मग पुढच्या वर्षी तुझी मेंढरं कुठं बसणार?"

बाहेर वाडीत सगळीकडे दिवे होते. कुणीतरी जोरात हसलं, कुणाच्या तरी घरी तळणाचा वास सुटला होता. कुणी मला ये म्हणालं नाही. ठकूबाईने माझ्या ताटातली भाकरी मोडून अर्धी स्वतःकडे घेतली, आणि आम्ही जेवलो.

याला बरीच वर्षं झाली. आता मायाप्पाचा मुलगा मेंढरं आणतो. सावरकोंडात युरिया अजून येतो, पण मेंढरं बसलेल्या खाचराचा फरक ज्याचा त्याला कळलाय, आणि पोती दरवर्षी कमी उतरतात. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. दोन घरांनी जमीन विकलीच. पण ज्येष्ठ लागला की मी अजून कुदळ घेऊन निघते, दुसऱ्यांच्या बांधावर जाऊन उभी राहते, इकडेतिकडे बघते, पावलांनी जमीन मोजल्यासारखं करते. कुणीतरी बघतंच. मग फोन जातात आणि जीप येतात.

जनार्दन भावोजी निवृत्त झाले तसे इकडेच राहायला आले. मंडळात त्यांनी सांगितलं, वहिनीवर नजर ठेवायला कुणीतरी हवं. बायको गेल्यापासून एकटेच असतात. दुपारी मी माझ्या बांधावर भाकरी खायला बसते, ते त्यांच्या बांधावर बसतात. मध्ये एक खाचर. आम्ही बोलत नाही. ते माझ्याकडे बघतात, मी त्यांच्या भाताकडे. त्यांनी तण काढलं नसेल तर मी मुद्दाम तिकडे टक लावून बघते, दुसऱ्या दिवशी ते काढलेलं असतं.

गेल्या आषाढात मला ताप भरला. चार-पाच दिवस मी अंथरुणातून उठले नाही. दुपारी अंगणात खाकरल्याचा आवाज आला. भावोजी पायरीशी उभे होते. इतक्या वर्षांत त्या पायरीशी ते आले नव्हते. आत बघितलं नाही, खांबाशी बोलल्यासारखे बोलले.

"माझं वरचं खाचर यंदा लावायचं राहिलंय. गुडघे दुखतात. म्हटलं, कुणाला सांगून ठेवावं."

मी अंथरुणातूनच म्हटलं, "पडीक ठेवाल तर मी लावणार."

ते म्हणाले, "तेवढंच ऐकायचं होतं," आणि हातातला पेजेचा तांब्या पायरीवर ठेवून गेले.